नवनाथचं टेबल

"तू गेटावर बस. खुर्ची देतो, डोक्यावर पंखा देतो. येनाऱ्याजानाऱ्याचं बघायला क्यामेरा हाय, तू नुसता बस. मी हाय तवर तुला कोन काढत न्हाई," बबनराव म्हणाले.

नवनाथ समोर उभा होता. उजवा हात त्याने खिशात घातला होता. दवाखान्यातून सुटल्यावर, जखमा भरल्यावर, तो आज पहिल्यांदा कंपनीत आला होता.

"मालक, तुम्ही मनापासून बोलताय, ते कळतंय मला. पण मला बसायला नको. काम द्या."

"आरं, पगार तोच देतो म्हनलं ना?"

"पगाराचं नाही बोलत मी."

बबनराव चाकणजवळच्या कुरुळीचे जुने शेतकरी. आजूबाजूला मोठमोठ्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी जमिनीचा एक तुकडा राखून ठेवला, त्यावर पत्र्याची शेड टाकली आणि गाड्यांना लागणारे पत्र्याचे छोटे पार्ट डायवर, म्हणजे लोखंडी साच्यावर, ठोकून द्यायचा धंदा सुरू केला. नवनाथ बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडचा. लग्नाआधी या शेडमध्ये आला, झाडूपासून सुरुवात केली आणि सगळ्यात मोठ्या प्रेसचा ऑपरेटर झाला.

अशा प्रेसला दोन बटणं असतात. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच मशीनचा वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण माल लवकर निघावा म्हणून नवनाथच्या मशीनचं एक बटण पट्टीने कायमचं दाबून बांधलेलं होतं. एका हाताने पार्ट ठेवायचा, दुसऱ्याने मशीन मारायची. मालकांना हे माहीत होतं, नवनाथलाही माहीत होतं. एका दुपारी उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा डॉक्टरांनी वाचवला, पण टोकाला मांडीची कातडी लावून. त्यानंतर बबनरावांच्या सुनेने, तेजस्विनीने, सगळ्या मशीनवरच्या पट्ट्या स्वतः उभं राहून कापून घेतल्या.

"माल रवाना करणारा डिस्पॅचचा पोरगा सोडून गेलाय म्हणतात," नवनाथ म्हणाला. "ते टेबल मला द्या."

बबनरावांनी सुनेकडे पाहिलं. ऑफिसचं सगळं तीच बघायची. पिंपळे सौदागरची मुलगी, बी.कॉम. झालेली, बोलायला सरळ. तिने हातातला टॅब खाली ठेवला.

"नवनाथभाऊ, ते टेबल मी काढणारच आहे. तो कॉम्प्युटर केवढा जुना झालाय! दिवाळीनंतर सगळं यावर." तिने टॅबवर बोट ठेवलं. "गाडी लागली की तिथंच उभं राहायचं, मालाचा फोटो काढायचा, मालाबरोबर जायचं चलान तिथंच बनवायचं. टेबलापर्यंत यायचीच गरज नाही."

"दिवाळीपर्यंत तर आहे ना कॉम्प्युटर?"

"आहे. पण तुम्हाला येतो का चालवता?"

"येत नाही. शिकतो."

तेजस्विनी म्हणाली, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत. जमलं नाही तर आबा म्हणतात ती खुर्ची घ्यायची, आणि मग कुरकुर करायची नाही."

"नाही करणार," नवनाथ म्हणाला आणि निघाला. गेटावरच्या त्या खुर्चीकडे त्याने जाताना मुद्दाम पाहिलं नाही. मालकाच्या दयेवर बसलेल्या माणसाला कोणी काही सांगत नाही, कोणी काही विचारतही नाही. सकाळी येऊन संध्याकाळी जायचं आणि मधे लोकांनी हळू आवाजात बोलायचं. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याने ते पुष्कळ वेळा डोळ्यांसमोर आणून पाहिलं होतं, आणि काहीही झालं तरी तिथे बसायचं नाही हे ठरवून टाकलं होतं.

आळंदीत, मरकळ रस्त्याच्या बाजूला, नवनाथची भाड्याची खोली होती. त्याने चाकणच्या एका भंगारवाल्याकडून मोडका कीबोर्ड आणला. घरी कॉम्प्युटर नव्हताच. कीबोर्डची वायर तशीच लोंबत असायची आणि नवनाथ तो चटईवर ठेवून, मांडी घालून, डाव्या हाताची बोटं फिरवत बसायचा. स्पेसची लांब पट्टी उजव्या अंगठ्याने दाबायचा. बाकी सगळी अक्षरं डाव्या हाताच्या पाच बोटांना वाटून दिली होती.

"हे काय करायलात?" बायकोने, दिपालीने, विचारलं. "शेजारची पोरं पखवाज वाजवतात, तुमी पेटी सुरू केली का?"

"टायपिंग करायलोय."

"कशावर? ह्याला पुढं टीव्हीच नाही. काय लिहिलं ते कळायचं कसं?"

"बोटांना कळलं म्हंजी झालं."

"मोबाइल हाय की. मोबाइलवर तर तुमी माझ्या भावाला येवढाले मेसेज करता."

तिचं खोटं नव्हतं. मोबाइल डाव्या पंज्यात मावायचा आणि डाव्या अंगठ्याने त्याचं सगळं चालायचं. लाइट बिल, गावाकडे पैसे पाठवणं, मुलीच्या शाळेचा ग्रुप. मोबाइलने त्याला कधी अडवलं नव्हतं. पण चलान बनवायचं म्हणजे पार्टचा लांबलचक नंबर, गाडीचा नंबर, ऑर्डरचा नंबर, तो एकीकडे बघायचा आणि दुसरीकडे टाकायचा. मोबाइलवर ते म्हणजे बोळकांडीतून कपाट न्यायचं. त्याने करून पाहिलं होतं. एक नंबर बघायला गेलं की दुसरा गायब.

"अगं, हा टेबलावर गप पडून राहतो," तो कीबोर्डवर हात ठेवून म्हणाला. "ह्याला धरावं लागत नाही. मला धरायला हात कुठाय?"

जेवण झाल्यावर दिपालीने भाजीच्या पिशवीवरचा कागद समोर धरला आणि म्हणाली, "चला, मी वाचते, तुमी मारा." पंधरवडाभर असं चाललं. ती वाचायची, तो मारायचा, आणि मधेच ती म्हणायची, "हात थांबला! चुकलं वाटतं."

कंपनीत मात्र बोटं खऱ्या कॉम्प्युटरवर पडायची आणि चुका खऱ्या पडद्यावर दिसायच्या. सुरुवातीला एका चलानाला इतका वेळ लागायचा की ड्रायव्हर चहा पिऊन, बिडी ओढून परत येई. नवनाथच्या जुन्या प्रेसवर आता रोहिदास होता. रोहिदास मूळचा संगमेश्वरकडचा, तोंडाने तिखट. येताजाता डोकावायचा.

"काय साहेब, गाडी आज जाणार की उद्या?"

"जाईल रे."

"नाही, ड्रायव्हर बायकोला फोन लावून सांगतोय, मुक्काम आहे म्हणून."

नवनाथ हसायचा आणि पुढचा आकडा मारायचा. महिना सरला तसे ड्रायव्हर चहा संपवायच्या आत 'चलान झालं' अशी हाक ऐकू लागले. कॉम्प्युटरचा डबा जुना होता, आतला पंखा घरघरत असे, गरम होतो म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं होतं. पण पडदा मोठा होता. डाव्या अर्ध्यात गिऱ्हाइकाची मागणी, उजव्या अर्ध्यात आपलं चलान. मान हलवली की दोन्ही दिसे.

श्रावणानंतर एके दिवशी तेजस्विनी टॅब घेऊन टेबलाशी आली. "चला भाऊ, आज ही गाडी यावर करू. एकदा बघा तरी."

नवनाथ तिच्याबरोबर गाडीजवळ गेला. टॅब मोबाइलसारखा पंज्यात मावेना. डाव्या हाताने धरला तर मारायला राहिला फक्त उजवा अंगठा. त्याने अंगठा काचेवर ठेवला. काही झालं नाही. जोर दिला. काही झालं नाही. तिसऱ्यांदा भलतंच पान उघडलं.

"अरे, त्या अंगठ्याला आधारकार्डवाले ओळखेनात, ही काच काय ओळखणार!" रोहिदास मशीनवरूनच ओरडला.

सगळे हसले, नवनाथही हसला. पण ड्रायव्हर हॉर्न देऊ लागला तेव्हा तेजस्विनीने टॅब हळूच त्याच्या हातातून घेतला, चारदोन टिचक्यांत चलान केलं, मालाचा फोटो काढला आणि गाडी सोडली. फार सफाईने केलं. तिने हळूच घेतला, हेच नवनाथला लागलं.

"बटणाला दाब कळतो, ताई," तो म्हणाला. "काचेला कातडी लागते. माझ्याकडं दाब आहे, कातडी मांडीची, कोरडी."

"मला कळतंय, भाऊ. पण एका माणसासाठी मी आख्खी पद्धत मागे ठेवू का? उद्या गिऱ्हाइकाची कंपनी म्हणेल, प्रत्येक गाडीचा फोटो पाहिजे. टेबलावर बसून फोटो कसा काढणार?"

ती म्हणाली ते बरोबरच होतं. नवनाथ टेबलाशी परत आला आणि पुढच्या गाडीचे नंबर मारू लागला. दिवाळीला अजून अवकाश होता.

नवरात्र आलं. खंडेनवमीला या पट्ट्यातल्या प्रत्येक शेडमध्ये मशीनची पूजा होते. आदल्या दिवशी तेल-ग्रीस पुसून मशीन लखलखीत करायच्या, सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि मालकाने प्रत्येक मशीनपुढे नारळ फोडून पाणी मशीनवर शिंपडायचं. मग मशीन एकदा चालवून दाखवायची. जो ज्या मशीनवर काम करतो त्यानेच तिची पूजा मांडायची, असा रिवाज.

रोहिदासने मोठ्या प्रेसला माळ घातली आणि कुंकवाची वाटी नवनाथपुढे धरली. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तू लाव. तुझीच आहे ती."

नवनाथने डाव्या हाताने प्रेसला कुंकू लावलं, हात जोडल्यासारखं केलं, आणि वाटी परत दिली. "आता तुझी. सांभाळून चालव." मग तो आपल्या टेबलाकडे गेला. त्यानेही कॉम्प्युटर पुसून ठेवला होता. पडद्याला माळ घातली, कीबोर्डपुढे अक्षता ठेवल्या, उघड्या डब्याच्या वरच्या बाजूला हळदकुंकवाची बोटं ओढली. पूजेनंतर मशीन चालवून दाखवायची असते, म्हणून कॉम्प्युटर आधीच सुरू करून ठेवला.

बबनराव एकेक मशीन करत आले. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, मागे बायकापोरं, कामगार. टेबलाशी येऊन त्यांनी नवनाथची मांडणी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्ये बेस केलं. ह्यो बी कामाचाच गडी हाय."

त्यांनी टेबलाच्या पायाशी नारळ फोडला, आणि प्रेसवर शिंपडलं तसंच, सवयीने, नारळातलं पाणी उघड्या डब्यावर शिंपडलं.

आत 'चट्ट' असा आवाज झाला. जळका वास आला. पडदा काळा झाला.

बबनरावांनी हातातल्या अर्ध्या नारळाकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"आरं... ह्याला पानी चालत न्हाई व्हय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी शेडच हसायला लागली. बबनरावही ओशाळं हसले. तेजस्विनीने कपाळाला हात लावला, पण तिलाही हसू आवरलं नाही. एकटा नवनाथ हसला नाही. सुरू ठेवला तो आपणच आणि झाकणही आपणच लावलं नाही, हे त्याच्या मनात घट्ट बसलं. त्याने आधी वायर उपटली.

पेढे वाटून झाल्यावर तेजस्विनी जवळ आली. "जाऊ द्या भाऊ. देवानेच निकाल लावला समजा. दसऱ्यानंतर टॅबवर करू, मी शिकवते. नाहीच जमलं तर..."

"दिवाळीपर्यंतचं बोलणं झालंय, ताई."

"अहो, पण तो गेला!"

"गेला का ते बघतो. नेऊ का दुकानात?"

ती थकल्यासारखी म्हणाली, "न्या."

डबा उचलायला एक हात पुरेना. रोहिदासने न सांगता दुसरी बाजू धरली. दोघांनी तो रोहिदासच्या मोटरसायकलवर मधे ठेवला आणि चाकणच्या बाजारात नेला. दुकानदार दसऱ्याच्या गिऱ्हाइकीत होता. त्याने डब्यात डोकावून पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, झेंडूची एक पाकळी चिमटीने बाहेर काढली.

"पूजा केली काय?"

"मालकांनी नारळाचं पाणी टाकलं," रोहिदासने सांगितलं.

"प्रसाद पोचला आतपर्यंत. हा भंगारात द्या, भाऊ. उद्या दसरा आहे, टॅबवर ऑफर लावलीय."

"नको," नवनाथ म्हणाला. "काय जळलं ते बघा. जळलं तेवढं बदला."

"अहो, कोण वापरतं आता हे?"

"मी वापरतो."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, दुकानदाराने पुढे ऑफर सांगितली नाही. डबा उघडला, नळीने हवा मारली, पुसलं, वाळवलं. वीज पुरवणारा आतला भाग जळला होता, बाकी वाचलं होतं. दुसऱ्या एका जुन्या डब्यातून तो भाग काढून त्याने बसवला. बटण दाबल्यावर पंखा घरघरला. तेव्हा रोहिदासच आधी ओरडला, "लागला, भावा, लागला!" दुकानदाराने बाजूचं झाकण कुठे आहे म्हणून विचारलं. नवनाथने दसऱ्यानंतर पहिलं काम केलं ते शेडच्या माळ्यावरून ते झाकण शोधून काढून लावण्याचं.

मग तो ऑफिसात गेला. बबनराव आणि तेजस्विनी दोघंही होते.

"ताई, दिवाळी जवळ आली. मला दोन शब्द बोलायचेत. टॅब चांगला आहे. गाडीजवळ तोच पाहिजे, तुमचं बरोबर आहे. पण त्याला दोन हातांचा माणूस लागतो. माल चढवायला पॅकिंगवाले असतातच. फोटो त्यांना काढू द्या, तिथंच टॅबवर. चलान मी टेबलावर करतो."

"म्हणजे एका कामाला दोघं," तेजस्विनी म्हणाली. "मग टॅब घेऊन मी काय मिळवलं?"

"म्हणून मला काम वाढवून द्या."

बबनराव चमकले. "वाढवून?"

"कोणत्या प्रेसवर कोणती डाय कधी लावायची, ते ताई रोज ग्रुपवर टाकतात. तो मेसेज शुभेच्छांच्या फोटोंखाली जातो. मग रोहिदास विचारत येतो, डाय कोणती? ताई घरून फोनवर सांगतात. ते आठवड्याचं सगळं मी एका पडद्यावर मांडतो. गिऱ्हाइकाची मागणी, आपला माल, मशीन, शेजारी शेजारी. ते मोबाइलवर होत नाही, टॅबवरही होत नाही."

ते काम तेजस्विनी रोज घरी, मुलाचा अभ्यास घेता घेता, लॅपटॉप मांडीवर घेऊन करत होती. टॅबचं एवढं कौतुक करूनही तो लॅपटॉप तिने विकला नव्हता, हे तिला स्वतःलाच आत्ता जाणवलं असावं. ती थोडं हसली.

"चुका होतील."

"होतील."

"मी ऐकवीन. हाताकडे बघून सोडणार नाही."

"नका सोडू," नवनाथ म्हणाला. इतका वेळ उजवा हात खिशात होता, तो त्याने बाहेर काढून टेबलावर ठेवला. "तेच मागायला आलोय."

टेबल राहिलं.

दिवाळीच्या आधीचा तो आठवडा मोठा गडबडीचा. सुट्ट्यांआधी माल पोचवायची घाई, शेडबाहेर गाड्यांची रांग. त्यात नवनाथने एका चलानावर दुसऱ्याच पार्टचा नंबर टाकला. गाडी गिऱ्हाइकाच्या गेटापर्यंत जाऊन परत आली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला. तेजस्विनी ऑफिसातून तरातरा आली ती थेट टेबलाशी.

"नवनाथभाऊ, हे काय आहे? डोळे कुठे होते? दोन्ही नंबर शेजारी शेजारी दिसतात म्हणून हे टेबल ठेवलं ना मी? मग बघायला काय झालं? अर्धा दिवस गेला गाडीचा, तिथल्या माणसाची बोलणी मी खाल्ली!"

शेडमधल्या मशीन थांबल्यासारख्या झाल्या. रोहिदासने मान खाली घातली. बबनराव धावत आले.

"सूनबाई, आगं जाऊ दे. हळू बोल. त्याचा हात..."

नवनाथ खुर्चीतून उठला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मालक, तुम्ही मधे पडू नका. हाताचा काही संबंध नाही. मी न बघता मारलं, चूक माझी आहे. ताई बोलतात ते बरोबर आहे."

बबनराव उघड्या तोंडाने त्याच्याकडे, मग सुनेकडे बघत राहिले.

"किती वेळ लागेल नवीन करायला?" तिने विचारलं.

"हे रद्द करून दुसरं करतो. ड्रायव्हरला चहा सांगा."

"चहा-बिहा काही नाही," ती म्हणाली. "चहाला लागतो तेवढ्या वेळात मला गाडी गेटाबाहेर दिसली पाहिजे."

"दिसेल."

ती गेली. बबनराव अजून घुटमळत होते. नवनाथने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही नंबर पडद्यावर शेजारी शेजारी घेतले, एकदा बोट ठेवून वाचले, आणि डावा हात कीबोर्डवर ठेवला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"आलो, आलो," नवनाथ ओरडला, "जरा दम धर की राव!"